पहाटेची धार

श्रोते हो, नमस्कार.

गोठ्यात पहाटे धार काढतात, तशीच एक धार मोठ्या इस्पितळांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागातही रोज सकाळी निघते. तिथली गाय म्हणजे शिशाचं जाड कवच असलेलं, बादलीएवढं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव जनरेटर. पण सकाळी कामावर आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो ते, "मिल्किंग झालं का?" बरीच वर्षं हे काम माझ्याकडे होतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

तुमच्या घरात कोणाचा बोन स्कॅन किंवा हृदयाचा थॅलियमसारखा स्कॅन झाला असेल, तर बहुधा त्यांच्या दंडात टेक्नेशियम-९९एम गेलेलं असणार. वजन म्हणाल, तर ग्रॅमचे काही अब्जांश. ते शरीरातून गॅमा किरण सोडतं, बाहेरचा कॅमेरा ते टिपतो आणि हाड कुठे दुखावलंय, मूत्रपिंड किती काम करतंय हे दिसतं. दर सहा तासांनी ते निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा उरतो. रुग्णासाठी हे फार चांगलं. आमच्यासाठी मात्र अवघड, कारण सहा तासांत निम्मी होणारी वस्तू साठवायची कशी आणि नागपूरला पाठवायची कशी?

म्हणून मुलीऐवजी आईला पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ ही ती आई. तिला निम्मं व्हायला ६६ तास लागतात आणि त्या काळात तिच्यातून सतत टेक्नेशियम जन्मत राहतं. एक गाय साधारण आठवडाभर दुभती राहते, मग आटते.

ही आई येते अणुभट्टीतून. आपल्याकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून ती बनवत आले आहेत. जगात जास्त वापर आहे तो युरेनियम फोडण्याच्या पद्धतीचा. शंभर अणू फुटले, तर त्यांतून सुमारे सहा मॉलिब्डेनम-९९चे निघतात. बाकीच्या तुकड्यांत आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम, असं सगळं गणगोत असतं, आणि त्यातलं काहीही रुग्णाच्या अंगात जाऊन चालत नाही. जाड शिसेकाचेमागे उभं राहून, यांत्रिक हातांनी ते एकेक वेगळं काढायचं, आणि तेही घाईने, कारण मॉलिब्डेनम तासाला साधारण एक टक्का या हिशेबाने कमी होत असतं. चहा प्यायला गेलं तरी माल घटतो.

मी शिकत होते तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच इस्पितळांत वेगळी रीत होती. मॉलिब्डेनमचं अल्कलीयुक्त द्रावण यायचं. त्यात मिथाइल इथाइल कीटोन नावाचं द्रावक घालून घुसळायचं. टेक्नेशियम त्या द्रावकात उतरायचं, मॉलिब्डेनम खाली पाण्यात राहायचं. वरचा थर अलगद काढायचा, द्रावक उडवून टाकायचं आणि जे उरेल ते सलाईनमध्ये विरघळवायचं. ताक घुसळून लोणी काढण्यातलंच शास्त्र. मेहनतीचं काम, पण त्या वर्षांत या रीतीनेच कितीतरी रुग्णांचे स्कॅन झाले, आणि मला त्या रीतीबद्दल अजूनही आदर वाटतो.

आता गायीच्या पोटात एक छोटी काचेची नळी असते. तिच्यात अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पांढरी भुकटी. मॉलिब्डेनमच्या आयनावर दोन ऋण भार असतात, त्यामुळे ते भुकटीला घट्ट धरून बसतं. त्याचं टेक्नेशियम झालं की भार एकच उरतो आणि पकड सैल होते. एका सुईवर सलाईनची बाटली लावायची, दुसऱ्या सुईवर हवा काढून घेतलेली रिकामी बाटली. निर्वातामुळे सलाईन नळीतून ओढलं जातं आणि येताना टेक्नेशियम घेऊन येतं. काही मिनिटांत धार पूर्ण.

पण दूध काढलं म्हणजे काम झालं, असं नाही. खरं काम पुढे असतं. पहिली शंका, मॉलिब्डेनम तर सुटून आलं नाही ना? बाटली सहा मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या भांड्यात ठेवायची आणि मोजयंत्रात सोडायची. टेक्नेशियमचे किरण १४० केईव्हीचे (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप), ते शिशात अडतात. मॉलिब्डेनमचे सुमारे ७४० केईव्हीचे, ते आरपार येतात. मग काटा जे दाखवतो, ते मॉलिब्डेनम. टेक्नेशियमच्या हजार भागांमागे त्याची मर्यादा आहे ०.१५ भाग, आणि ती इंजेक्शन देतानाच्या वेळेची. सकाळी प्रमाण ठीक असलं, तरी दुपारपर्यंत टेक्नेशियम निम्मं होतं, मॉलिब्डेनम जवळपास तेवढंच राहतं. म्हणून सकाळचं चांगलं दूध संध्याकाळी नापास होऊ शकतं.

दुसरी शंका अ‍ॅल्युमिनियमची, नळीतल्या भुकटीतून ते दुधात उतरलं नाही ना? कागदाच्या पट्टीवर दुधाचा थेंब आणि शेजारी ठरावीक द्रावणाचा थेंब टाकायचा. दुधाचा डाग जास्त गडद दिसला, तर ती बाटली बाद. टेक्नेशियमला हव्या त्या अवयवाकडे नेणारं औषध या दुधात मिसळतात; अ‍ॅल्युमिनियम जास्त असेल तर त्या औषधाचे कण गोळा होतात आणि यकृताकडे किंवा फुप्फुसाकडे जाऊन बसतात. चित्र चुकीचं येतं, आणि चुकीच्या चित्रावरून चुकीचा उपचार होऊ शकतो. तिसरी तपासणी औषध तयार झाल्यावर. टेक्नेशियम औषधाला नीट चिकटलंय का, हे पट्टीवर बघतात. मोकळं राहिलेलं टेक्नेशियम थायरॉइडकडे आणि जठराकडे जातं. बोन स्कॅनमध्ये जठर ठळक दिसू लागलं, की आम्ही रुग्णाकडे न बघता आधी सकाळच्या बाटलीकडे बघतो.

सोमवारची गोष्ट वेगळी सांगते. शनिवार-रविवार धार काढलेली नसली, की गायीत टेक्नेशियम-९९ साचतं. हे त्याच घराण्यातलं, पण चमक हरवलेलं, लाखो वर्षं टिकणारं, कॅमेऱ्याला न दिसणारं. रोज धार काढली तर टेक्नेशियमच्या अणूंपैकी सुमारे २८ टक्के कामाचे असतात. तीन दिवसांनी काढली तर ८ टक्केच. टेक्नेशियमला औषधाशी जोडायला लागणारं कथिलाचं क्षार औषधात मोजकंच असतं, ते या बिनकामाच्या अणूंवरच खर्च होतं आणि कामाचे मोकळे राहतात. म्हणून सोमवारची पहिली धार काही औषधांसाठी वापरत नाहीत.

टेक्नेशियम सापडलं तेही आईच्या पोटीच. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत पेरिये आणि सेग्रे या शास्त्रज्ञांना ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, आलेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यात मिळालं. आणि पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन आयोडीन-१३२ शुद्ध करत होते. त्यात एक भेसळ सारखी येई. तिचा माग काढला, तर ती टेक्नेशियम-९९एम निघाली. आपल्या या गायीचा जन्म त्या भेसळीतून झाला. मी या दोघांची नावं मुद्दाम घेतली, कारण भेसळ फेकून देणं सोपं असतं, तिचा पाठपुरावा करणारे थोडे.

२००९ च्या मे महिन्यात कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत. जगातलं बरंच मॉलिब्डेनम तिथून जायचं. कितीतरी देशांत स्कॅन पुढे ढकलावे लागले. तांदूळ गोदामात भरून ठेवता येतो, हे भरून ठेवता येत नाही. आपल्या देशात हे पुरेसं बनवता यायला हवं, असं मी म्हणते ते याच कारणाने.

आता थोडं तुमच्या कामाचं. स्कॅनला एक आजी आल्या होत्या, इंजेक्शनच्या आधी म्हणाल्या, "ताई, हे अणूचं औषध, घरी जाऊन नातवाला घेऊ ना?" मी म्हटलं, "आजी, आजचा दिवस तेवढं लांबूनच लाड करा, उद्या घ्या." तुम्हीही तेच करा. गरोदर बायकांपासून त्या दिवशी थोडं अंतर ठेवा. बोन स्कॅनचं इंजेक्शन झाल्यावर दोन-तीन तास थांबावं लागतं, तेवढ्यात भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊन या. आणि दिलेली वेळ पाळा. तुमच्या नावाची सिरिंज भरून ठेवलेली असते आणि ती तुमची वाट बघत दर सहा तासांनी निम्मी होत असते. नमस्कार.