खोक्यावरचा वेग आणि बॅकअपची डिस्क

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो असा: घरच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी बाहेरची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, आणि तिचं एन्क्लोजर, म्हणजे दुकानात ज्याला केसिंग म्हणतात ते, कसं निवडावं. बॅकअप का घ्यावा हे मी सांगणार नाही. शनिवारची संध्याकाळ मोडून जे इथे आलेत त्यांना ते पटलेलंच आहे. नेमकं काय घ्यायचं ते शेवटी सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायची आहे: बॅकअपच्या डिस्कला वेग लागत नाही, भरवसा लागतो. आणि आपण जास्तीचे पैसे मोजतो ते नेमके वेगासाठी.

साधा हिशोब करा. घरच्या लॅपटॉपमध्ये दिवसभरात नवीन किंवा बदललेलं असं किती जमतं? फोटो, कागदपत्रं, मेल मिळून दहा जीबी झालं तरी डोक्यावरून पाणी. साधी साटा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, एसएसडी सेकंदाला ४५० एमबी लिहिते, म्हणजे मोठ्या फायली असतील तर हे काम अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. बारीक फायली हजारोंनी असतील तर वेळ लागतो, पण तो महागड्या डिस्कवरही लागतोच. पहिला पूर्ण बॅकअप, धरा ५०० जीबी, तोही साधारण वीस मिनिटांत. आयुष्यात एकदा करायच्या त्या कामात दहा मिनिटं वाचावीत म्हणून दुप्पट पैसे कशाला?

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे येतो. ‘१०५० एमबी प्रति सेकंद.’ पुढे बारीक अक्षरात ‘पर्यंत’. हा वेग मिळतो, पण सॉकेट, केबल, केसिंगमधली चिप आणि आतली फ्लॅश (डेटा साठवणाऱ्या चिपा) हे चौघं जुळले तरच. यातला एक जरी मागे पडला, तर बाकीच्या तिघांना त्याच्याच चालीनं चालावं लागतं.

सॉकेटपासून सुरुवात करू. २००८ साली यूएसबी ३.० आलं, सेकंदाला ५ गिगाबिटचं (आठ बिटांचा एक बाइट). २०१३ मध्ये ३.१ आलं, १० गिगाबिटचं, आणि त्यासोबत जुन्या ५ गिगाबिटच्याच सॉकेटला ‘३.१ जेन १’ असं नवं नाव मिळालं. २०१७ मध्ये ३.२ चं मानक आलं, तेव्हा तेच सॉकेट ‘३.२ जेन १’ झालं. तार तीच, वेग तोच, नावं तीन. त्यामुळे ‘यूएसबी ३.२’ एवढंच छापलेलं पाहून काहीही कळत नाही. ते ५ असू शकतं, १० असू शकतं, किंवा ‘जेन २ बाय २’ म्हणजे २० असू शकतं. या २० च्या भानगडीत पडूच नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते सॉकेट नसतं, बऱ्याच मॅकवरही तसली डिस्क १० वरच चालत आलीय, म्हणजे जास्तीचे पैसे दिले आणि मिळालं तेच. २०२२ मध्ये यूएसबीच्या संस्थेनं ठरवलं की ग्राहकाला फक्त ५, १०, २०, ४० गिगाबिट असे आकडे दाखवावेत. चांगला निर्णय, फार उशिरा. दुकानात गेल्यावर हाच आकडा विचारा आणि आवृत्तीचं नाव सोडून द्या.

मग केबल. इथे हात वर करा: फोनच्या चार्जरची सी टाइप केबल डिस्कला लावून कॉपी केलेले किती जण? बरेच आहेत. त्यातल्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात, ४८० मेगाबिटच्या. सेकंदाला ४० एमबीच्या आसपास. वीस मिनिटांचं ते काम साडेतीन तासांवर जातं आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो. कॉपीचा वेग ३५ ते ४० वर खिळलेला दिसला की आधी केबल बदला. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ या कमांडला ‘टी’ हा पर्याय देऊन पाहा, ४८०एम, ५०००एम किंवा १००००एम असं स्वच्छ लिहून येतं. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या यूएसबी विभागात दिसतं. आणि जुन्या चौकोनी ए टाइप सॉकेटची एक गंमत आहे. त्याच्या प्लगमध्ये २.० च्या चार पट्ट्या पुढे आणि वेगाच्या पाच पट्ट्या मागे असतात. प्लग हळूहळू सरकवला तर कॉम्प्युटर पुढच्या चार पट्ट्यांशीच ओळख करून घेतो आणि २.० वर थांबतो. तो झटक्यात, पूर्ण आत घाला.

जाता जाता, बॅकअप चालू असताना वायरलेस माउस अडखळतो अशी तक्रार बरेच जण करतात. यूएसबी ३ च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो आणि माउस, वाय-फाय त्याच पट्ट्यात बोलतात. माउसचा डाँगल डिस्कपासून दूरच्या सॉकेटमध्ये लावा.

तिसऱ्या गड्याचं, चिपचं, निवडीच्या वेळी सांगतो. चौथा गडी, फ्लॅश, हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि खोक्यावर त्याच्याबद्दल सहसा अवाक्षर नसतं. टीएलसी फ्लॅशमध्ये एका कप्प्यात तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. चार बिट नेमके बसवायला वेळ लागतो, म्हणून काही भाग एक बिटाचा करून तात्पुरता साठा ठेवतात. अंगणातला हौद भरेपर्यंत टँकर धो धो ओततो, भरला की आतल्या नळानं जेवढं ओढलं जाईल तेवढंच. सॅमसंगची १ टीबीची ८७० क्यूव्हीओ घ्या: सुमारे ४२ जीबीपर्यंत साटाच्या पूर्ण वेगानं लिहिते, नंतर ८० एमबीवर येते. ५०० जीबीला दीड तासाच्या वर. तिचीच बहीण ८७० ईव्हीओ टीएलसी आहे आणि ती शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण वेग धरते. डिस्क भरत आली की हा हौदही लहान होतो, तेव्हा वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा. आणि डेटाशीटमध्ये टीएलसी आहे की क्यूएलसी हे लिहिलेलंच नसेल, तर ती डिस्क घेऊ नका.

यापेक्षाही संताप येतो तो ‘१६ टीबी एसएसडी’ म्हणून दोन-तीन हजारांत विकल्या जाणाऱ्या डब्यांचा. आत एखादं मायक्रोएसडी कार्ड असतं आणि फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, कॉम्प्युटरला १६ टीबी असल्याचं खोटं सांगतो. खरी जागा संपली की नवं लिहिलेलं हवेत जातं किंवा जुन्यावर चढतं. फायलींची नावं दिसत राहतात आणि उघडायला गेलं की आत कचरा. ज्या दिवशी मूळ लॅपटॉप जातो त्याच दिवशी हे कळतं, आणि तेव्हा त्या माणसाच्या मुलांचे फोटो कायमचे गेलेले असतात. हे मला चीड आणतं. म्हणून कुठल्याही कंपनीची नवी डिस्क आली की रिकामी असतानाच तपासा: विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३. ही साधनं पूर्ण जागा लिहून परत वाचतात. १ टीबीला तास-दोन तास लागतात, लागू देत.

समोरून चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत आणि निवडीचा मुद्दा अजून बाकी आहे. भरभर सांगतो.

काय घ्यायचं: अडीच इंची साटा, टीएलसी, लॅपटॉपमधल्या डेटाच्या दुप्पट मापाची. केसिंग १० गिगाबिटचं लागत नाही, ५ चं पुरतं. त्यातल्या चिपचं नाव विचारा: एएसमीडिया एएसएम११५३ई किंवा २३५सीएम, जेमायक्रॉन जेएमएस५७८. यूएएसपी (यूएसबीवरून डेटा वेगानं पाठवायची पद्धत) चालवणारं आणि ट्रिम (पुसलेली जागा डिस्कला कळवणारी आज्ञा) पुढे पोचवणारं हवं. चिपचं नावच सांगत नाहीत ते केसिंग परत ठेवा.

एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान, पट्टीसारखी एसएसडी, घरात पडून असेल तर तीही चालेल. केसिंगमध्ये एएसएम२३६२, जेएमएस५८३ किंवा आरटीएल९२१० बघा. एम.२ (हे पट्टीच्या आकाराचं नाव) साटाची पट्टी निव्वळ एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये चालत नाही, दोन्ही चालवणारी चिप म्हणजे आरटीएल९२१०बी. लांबी बहुधा २२८०, म्हणजे ८० मिलिमीटर. पट्टी तिरकी, साधारण तीस अंशांत सरकवा आणि मग खाली दाबा. थर्मल पॅडची पारदर्शक फिल्म दोन्ही बाजूंनी काढा, डिस्कवरचं कंपनीचं लेबल मात्र काढू नका, वॉरंटी जाते. पॅड नीट टेकला नाही तर डिस्क सत्तर अंशांच्या पुढे जाते आणि स्वतःच वेग पाडते. यूएसबी ३ च्या साध्या सॉकेटमधून ४.५ वॉट मिळतात, काही एनव्हीएमई त्याहून जास्त ओढतात. कॉपी चालू असताना डिस्क अचानक गायब झाली तर आधी हब काढा आणि डेस्कटॉपच्या मागच्या सॉकेटला लावा.

तयार पोर्टेबल एसएसडी की सुट्टं केसिंग? मी सुट्टंच सांगीन. रोजच्या ओढाताणीत आधी सैल होतं ते सॉकेट. केसिंग मेलं तर दुसरं आणून डिस्क त्यात घालता येते. कित्येक तयार डिस्कमध्ये फ्लॅश आणि यूएसबीची चिप एकाच पाटीवर सोल्डर केलेली असते, तिथे सॉकेट तुटलं की डेटा आत अडकतो. रोज पिशवीतून फिरणार असेल तर मात्र तयार, रबराचं कवच असलेली घ्या.

फॉरमॅट: विंडोजला एनटीएफएस, मॅकच्या टाइम मशीनला एपीएफएस. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, लिहिताना केबल निघाली तर फायलींची यादीच बिघडू शकते. विंडोजवर फाइल हिस्टरी वापरा, ती जुन्या आवृत्त्या ठेवते. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-कमांडचा ‘एमआयआर’ पर्याय जपून, मूळ जागेवरून चुकून पुसलेलं तो बॅकअपमधूनही पुसतो. स्रोत आणि गंतव्य उलटे टाकले तर बॅकअपच मूळ डेटावर चढतो. डिस्क घराबाहेर ठेवणार असाल तर एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा.

डिस्क दोन घ्या. वेगावरचे वाचलेले पैसे इथे घाला. एक घरी, एक बहिणीकडे किंवा ऑफिसच्या खणात, महिन्याला अदलाबदल. काम झालं की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हातात असते आणि विजेच्या झटक्याच्याही.

प्रश्न आलाय: कपाटात किती दिवस टिकते? जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीनं लिहिण्याची पूर्ण हमी वापरून झाल्यावरही, विजेविना, ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा राखला पाहिजे. कमी वापरलेली डिस्क त्याहून पुष्कळ जास्त राखते. पण उष्णता वाढली की ही मुदत झपाट्यानं घटते, तेव्हा अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. तीन-चार महिन्यांनी जोडा, क्रिस्टलडिस्कइन्फो या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती बघा आणि एक जुनं फोल्डर लॅपटॉपवर परत कॉपी करून त्यातल्या फायली उघडून पाहा. दहा-वीस वर्षं न हात लावता ठेवायचं असेल तर एसएसडीवर विसंबू नका, जोडीला साधी फिरती हार्ड डिस्क ठेवा. आणि केबल डिस्कच्याच पिशवीत ठेवा, तिच्यावर चिठ्ठी चिकटवून: ‘ही फोनला लावू नये.’