मुखपृष्ठ एक सांगते, नियम दुसरेच

मित्रहो, ठाण्याच्या प्रेक्षकाला फसवणे अवघड असते. जाहिरातीत ‘दोन अंकी धमाल’ असे छापून गडकरी रंगायतनात कोणी शोकांतिका उभी केली, तर मध्यंतरातच बटाटेवड्याच्या रांगेत निर्मात्याचा उद्धार सुरू होतो. नाटक मुळात चांगले असले तरीही होतो. आजचा विषय टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेम्सचा आहे, पण तक्रारीचे मूळ तेच आहे. यांतील काही खेळांनी खेळाडूंच्या अपेक्षा पार उलट्या केल्या आणि त्यामुळेच ते लोकांच्या मनात घर करून राहिले. काहींनी तेच केले आणि शिव्या खाल्ल्या. हा फरक कशाने पडतो, याबद्दल माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या वागण्याबद्दल नियम खेळाडूला बक्षीस देतात, तोच त्या खेळाचा खरा स्वभाव असतो. मुखपृष्ठाने दिलेले वचन त्या स्वभावाशी जुळत असेल, तर खेळाडू कितीही मोठा धक्का आनंदाने पचवतो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण बसतात, त्यांतला एक गेम मास्टर असतो आणि तो प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिचा निवाडा फासे करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने 1974 साली याची सुरुवात केली. भुयारात उतरून राक्षस मारण्याचा खेळ अशी त्याची ख्याती आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. त्या काळच्या नियमांत पात्राला बलवान करणारे अनुभवाचे बहुतेक गुण राक्षस मारण्याने मिळत नसत, ते बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळत. साहजिकच मुरलेला खेळाडू राक्षसाला वळसा घालून त्याची तिजोरी कशी फोडता येईल याचा विचार करी, आणि तलवार परजत आलेला नवखा पहिल्याच दालनात मरे.

त्यानंतरच्या पिढीने अशी अपेक्षा धरली की पात्र जगेल, वाढेल, बलवान होईल. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने 1981 साली नेमकी तीच मोडून काढली. इथे खेळाडू प्राध्यापक, पत्रकार, ग्रंथपाल अशी साधी माणसे असतात आणि त्यांच्या हातून जगाचे कोडे सुटत जाते. मात्र त्यांच्याजवळ सॅनिटी नावाचा, मानसिक तोल मोजणारा एक आकडा असतो आणि भयंकर काही दिसले की तो घटतो. खरी मेख पुढे आहे. निषिद्ध ग्रंथ वाचून अमानवी शक्तींबद्दलचे तुमचे ज्ञान जितके वाढते, तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा 99 वरून कायमची खाली सरकते. म्हणजे ज्या ज्ञानाशिवाय कोडे सुटत नाही, तेच ज्ञान तुम्हाला वेडाच्या जवळ नेते. बंदूक घेऊन धावण्याची सोय नियमांनी ठेवली होती, पण जुन्या आवृत्त्यांत त्या शक्तींतला खुद्द कथुलू दर फेरीला एक ते तीन माणसे उचलून संपवतो, असा हिशोबच लिहून ठेवलेला होता. हा अपेक्षाभंग कोणाला फसवणूक वाटला नाही, कारण पुस्तकाच्या पहिल्या पानापासून फाशाच्या शेवटच्या फेकीपर्यंत सगळे एकच गोष्ट सांगत होते. जपानात तर हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पेक्षाही अधिक लोकप्रिय झाला.

1984 सालच्या ‘पॅरानोया’चे तेच, पण विनोदी अंगाने. प्रत्येक खेळाडूला आपल्या पात्राचे सहा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, मिळतात, कारण तो मरणारच. प्रत्येक जण गुप्त संघटनेचा सदस्य असतो आणि ते सदस्यत्व म्हणजे देशद्रोह. एवढेच काय, खेळाचे नियम माहीत असल्याचे दाखवणे हाही देशद्रोहच. मित्रांनी एकजुटीने खेळावे ही अपेक्षा इथे पहिल्या दहा मिनिटांत कचऱ्यात जाते, आणि जो तिला चिकटून बसतो त्याचा एकट्याचाच रसभंग होतो.

आता उलट बाजू. मार्क रीन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ 1991 साली आला तेव्हा त्याने माणुसकी हळूहळू गमावणाऱ्या रक्तपिपासू जिवाची शोकांतिका देऊ केली होती. पुस्तकाचे गद्य त्याच सुरात आहे, चित्रे त्याच सुरात आहेत, आणि माणुसकी मोजणारा शून्य ते दहा असा आकडाही आहे. पण पात्र घडवताना खेळाडूच्या नजरेत भरते ते काय? अमानुष वेग, अमानुष ताकद, दुसऱ्याच्या मनावर हुकूम चालवण्याची विद्या, आणि मिळालेले अनुभवाचे गुण खर्च करून या विद्या वाढवत नेण्याची सोय. माणुसकीचा आकडा टिकवला तर हाती विशेष काही लागत नाही, विद्या वाढवली तर पुढची मारामारी जिंकता येते. परिणामी असंख्य टेबलांवर हा खेळ सुळे असलेल्या सुपरहिरोंचा झाला, आणि ‘तुम्ही चुकीचे खेळता आहात’ असे खेळाडूंना ऐकवण्याची प्रथा पडली. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. खेळाडूंनी पुस्तकाचे नियम पाळले. प्रस्तावना पाळली नाही एवढेच. तरीही या खेळाचे ऋण मोठे आहे. भुयार आणि तलवार यांत ज्यांना रस नव्हता अशा कितीतरी लोकांना, विशेषतः स्त्रियांना, त्याने या छंदात आणले.

नियम आणि वचन पूर्ण एकरूप झाले की काय होते, हे एपिडाया राव्हाचोल यांच्या 2005 सालच्या ‘ड्रेड’मध्ये दिसते. भयकथेच्या या खेळात फासेच नाहीत. टेबलाच्या मध्यभागी जेंगाचा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. अवघड काही करायचे तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा, आणि मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचे पात्र कथेतून जाते. आमच्या नौपाड्यातल्या रविवारच्या बैठकीला ऐरोलीहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी येतो. फाशांवाचून कसला खेळ, असे तो सुरुवातीला उघड म्हणत होता. संध्याकाळ होईपर्यंत मनोरा खालून पोखरला गेला होता, त्याने टेबलावरचे कोपर उचलून मांडीवर घेतले होते, आणि कोणी चहाचा कप ठेवला तरी तो दचकत होता. ‘ड्रेड’मध्ये आणखी एक नियम आहे: खेळाडूने मनोरा मुद्दाम पाडला, तर त्याचे पात्र जाते, पण ज्यासाठी बलिदान केले ते साधते. सोबतच्या मुलीचे पात्र तळघराच्या दारात अडकले होते. त्याने कोणाला न विचारता हात आडवा फिरवला. चोपन्न ठोकळे फरशीवर आदळले, ती मुलगी जागची उठून ओरडली, आणि खालच्या मजल्यावरचे काका काय पडले ते पाहायला वर आले.

स्टीव्हन ड्यूई यांच्या 2015 सालच्या ‘टेन कँडल्स’मध्ये तर शेवटी सर्व पात्रे मरतात हे आरंभीच सांगितलेले असते. दहा मेणबत्त्या लावून अंधारात खेळायचे, आणि एखादी मेणबत्ती कशानेही विझली की तो प्रसंग तिथेच संपतो. शेवट ठाऊक असल्याने रस जाईल ही भीती खोटी ठरते. पात्र वाचवण्याची काळजी सुटली की खेळाडू अधिक मनापासून खेळतात. ठाण्यात मे महिन्यात मात्र हा खेळ लावू नये, कारण पंखा बंद ठेवावा लागतो.

सर्वांत बोधक प्रकरण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच चौथ्या आवृत्तीचे आहे. ती 2008 साली आली. तिने प्रत्येक पात्राला एकाच साच्यातील शक्ती दिल्या: काही केव्हाही वापरता येणाऱ्या, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. आधीच्या आवृत्तीत उच्च पातळीवरच्या जादूगारापुढे योद्ध्याची अवस्था सामान वाहणाऱ्या हमालासारखी होत असे; ती विषमता या रचनेने दूर केली. प्रत्येकाची भूमिकाही ठरवून दिली: कोणी फटका अंगावर घ्यायचा, कोणी द्यायचा, कोणी मैदानावर शत्रूला जखडून ठेवायचे, कोणी साथीदारांना सावरायचे. लढाई चौकटींच्या नकाशावर लढायची आणि एकेक पाऊल विचार करून टाकायचे. रचना म्हणून हे काम स्वच्छ होते. लढाया लांबत, एका चकमकीत अख्खी दुपार जाई, हा दोष खरा. राक्षसांचे आकडे 2010 साली सुधारावे लागले, हेही खरे.

परंतु खेळाडू चिडले ते केवळ लांबलेल्या लढायांमुळे नव्हे. वर्षानुवर्षे त्या नावाखाली त्यांनी एक विशिष्ट गोष्ट जपली होती: जादूगाराची जादू योद्ध्याच्या तलवारीपेक्षा वेगळ्याच जातीची वाटणे, आणि एखादा मंत्र लढाईबाहेर भलत्याच कामाला लावता येणे. नव्या पुस्तकात दोघांच्या शक्ती एकाच नमुन्याच्या रंगीत चौकटींत छापलेल्या होत्या. अशा नाराजांना पायझो या कंपनीने जुन्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ 2009 साली दिला, आणि मोठा वर्ग तिकडे वळला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने बराचसा जुना बाज परत आणला.

चौथ्या आवृत्तीच्या कल्पना मात्र मेल्या नाहीत. तिचे प्रमुख रचनाकार रॉब हाइन्सू आणि तिसऱ्या आवृत्तीचे जोनाथन ट्वीट यांनी मिळून 2013 साली ‘थर्टीन्थ एज’ काढला. त्यात त्या कल्पनांतले पुष्कळ काही आहे आणि चौकटींचा नकाशा नाही. 2019 साली आलेल्या ‘लान्सर’ने तर तीच बारकाईची, जागा मोजून खेळायची लढाई उचलली आणि खेळाडूंना महाकाय यंत्रांत बसवले. मुखपृष्ठावर यंत्रे, पुस्तकात त्यांच्या लढाईचे भरगच्च नियम. त्या लढाया काही थोडक्यात आटपत नाहीत, पण ज्या खेळाडूंना अशी लढाई हवी होती त्यांनीच ते पुस्तक घेतले, आणि 2008 सारखा गदारोळ या वेळी झाला नाही.