माउस जागा सांगतो, स्टिक वेग सांगते

(इंदूर येथे दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, 2003 च्या सुमाराला आमच्या राजेंद्रनगरात मुलांचे दोन तट होते. एक सायबर कॅफेतला. तासाचे पैसे भरायचे, लॅनवर जोडलेल्या मशीनवर बसायचं आणि ‘काउंटर’, म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’ हा नेमबाजीचा खेळ खेळायचं. दुसरा तट एका मित्राच्या घरचा. त्याच्या मामांनी परदेशातून एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल आणला होता आणि त्याच्यावर ‘हेलो’ हा नेमबाजीचा खेळ चाले. टीव्हीचा पडदा विभागून चौघं खेळायचे आणि काकू मध्येच पोहे आणून द्यायच्या. कॅफेवाले आम्हाला एकच टोमणा मारत: “तुमचा नेम तुम्ही धरता कुठे? मशीनच धरतं.”

आज मी त्या टोमण्याला उत्तर देणार आहे. नेम धरायला मशीनने मदत करावी का, आणि किती? मी स्वतः प्रोग्रॅमिंग करतो आणि हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

आधी हात बघू. माउस जागा सांगतो. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाने सरकवून हवा तिथे ठेवतो ना, तसं. 800 डीपीआयचा माउस एक इंच सरकला की संगणकाला 800 पावलं मोजून मिळतात आणि पडद्यावरची आपली नजर त्याच प्रमाणात वळते. हात थांबला की नजर थांबली. म्हणूनच कसलेले खेळाडू सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकल्यावर नजर किती वळावी ते प्रमाण, इतकी कमी ठेवतात, की पूर्ण गिरकी घ्यायला माउस फूटभर सरकवावा लागतो. त्यांचं कोपर आणि खांदा त्या अंतराला सरावलेले असतात.

कन्सोलचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरतात. त्याची स्टिक, म्हणजे अंगठ्याखालची छोटी दांडी, जागा सांगतच नाही, ती वेग सांगते. अंगठ्याने ती उजवीकडे झुकवली की नजर वळू लागते आणि धरून ठेवाल तोवर वळतच राहते. नर्मदेच्या नळाला पाणी आलं की आपण बादली लावतो. नळ किती सोडायचा एवढंच आपल्या हातात असतं. पाणी किती भरलं ते डोळ्यांनी बघून योग्य क्षणी नळ बंद करावा लागतो. काठोकाठ भरायची आणि थेंबही सांडायचा नाही, हे अवघड काम. स्टिकवर प्रत्येक नेम असाच धरायचा असतो, आणि समोरचा शत्रू तर पळत असतो, म्हणजे बादलीचा काठसुद्धा हलतोय!

2001 मध्ये ‘हेलो’ करणाऱ्यांनी यावर जे केलं, त्याला मी मनापासून दाद देतो. निशाणा शत्रूवर आला की नजरेचा वेग थोडा मंदावतो. शत्रू सरकला तर नजर किंचित त्याच्याबरोबर ओढली जाते. गोळी अगदी जवळून जात असेल, तर तिलाही जरासं वळण मिळतं. बादली भरत आली की नळ आपसूक बारीक व्हावा, तसं हे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जवळ दोनच शस्त्रं, म्हणजे मोजक्या बटणांवर भागतं. थोडा वेळ आडोसा घेतला की ढाल पुन्हा भरते, त्यामुळे एखादा नेम चुकला तरी डाव संपत नाही. अख्खा खेळ त्या अंगठ्याच्या मापाने शिवला होता.

आणि ज्यांना ही मदत लबाडी वाटते, त्यांनी 1993 चा ‘डूम’ आठवावा. पीसीवरचाच खेळ तो. त्यात वर-खाली बघताच येत नसे. शत्रू उंच कठड्यावर असला तरी समोर गोळी झाडायची, उंचीचं गणित खेळच जुळवून घेई. म्हणजे मदतीचा हात पहिल्यांदा पीसीवाल्यांनीच घेतला होता. 1996 च्या ‘क्वेक’मध्ये खऱ्या त्रिमितीत चौफेर बघायची वेळ आली, तेव्हा माउसचं महत्त्व कळलं. डावा हात कीबोर्डच्या डब्ल्यू-ए-एस-डी या चालायच्या बटणांवर, उजवा माउसवर, ही बैठक गाजवली ती ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने. 1997 च्या स्पर्धेत तो जिंकला आणि ‘क्वेक’चा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याची लाल फेरारी त्याला बक्षीस मिळाली.

हाताखेरीज पीसी आणि कन्सोलमध्ये आणखी एक फरक आहे, फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा. तो थोडक्यात सांगतो. पहिला ‘हेलो’ सेकंदाला 30 चित्रं दाखवी, म्हणजे दर चित्रामागे सुमारे 33 मिलिसेकंद. 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर तेच अंतर सातच्या आसपास येतं. पण आजचे कन्सोलही 120 पर्यंत पोचलेत. ही दरी बुजत चालली आहे. हाताची तशी बुजत नाही.

म्हणून माउसवाला आणि स्टिकवाला दोघांना एकाच लॉबीत, म्हणजे एकाच सामन्यात सोडलं की भांडण होणारच. मदत कमी ठेवली तर स्टिकवाला लांबच्या माऱ्यात मरतो. जास्त ठेवली तर जवळच्या चकमकीत माउसवाला चिडतो, कारण मशीनला मेंदूइतका वेळ लागत नाही. शत्रू झपकन बाजूला सरकला तर माणसाच्या डोळ्याला ते कळून हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, ओढ मात्र लगेच लागते. इथे कॅफेवाल्यांची तक्रार मला रास्त वाटते. समोरचाही स्टिकवर असेल तर मात्र ती मुळीच रास्त नाही.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती जायरोची. हा काही कंट्रोलरच्या पोटातला, फिरकी ओळखणारा सेन्सर. 2015 च्या ‘स्प्लाटून’ने तो नेमासाठी वापरला. मोठी वळणं स्टिकने घ्यायची आणि शेवटचा बारीक नेम मनगट हलवून धरायचा. मनगट जागा सांगतं, अगदी माउससारखं. मागच्या टेबलावर एक माउस आणि एक जायरोचा कंट्रोलर ठेवला आहे. काका, काकू, तुम्ही आधी या, मुलांना जरा थांबू द्या. दोन्हींवर तोच एक ठिपका पकडून बघा. आधी जायरो बंद ठेवून, मग चालू करून.