तळावरच्या साठ संध्याकाळी

(निवेदन संहिता)

दृश्य : पहाट. चुलींचा धूर. टायरगाड्या फडाकडे निघालेल्या.

ऊसतोड मजुरांचा तळ. पहाटेचे साडेचार. भाकऱ्या बांधून झाल्या, बैल जुंपले गेले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तळावरचे सगळे कोयते आता उसाच्या फडात जातील. मागे खोपींत उरतील शेरडं, एखादी म्हातारी आणि पोरं. बीड, जालना, अहिल्यानगरकडची ही कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कृष्णाकाठी उतरतात आणि उन्हं तापली की परत जातात. मुलांच्या शाळेचं वर्ष असं मधोमध तोडलं जातं.

दृश्य : दुपार कलती. सायकलींवरून येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. छातीवरचा बिल्ला, जवळून.

हा बिल्ला राष्ट्रीय सेवा योजनेचा. कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक, त्याला आठ आरे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात बंधारा होतो, शोषखड्डे होतात, गाव झाडून निघतं. सात दिवसांत कुणाला वाचता येत नाही. पण १२० तास म्हणजे दोन-दोन तासांच्या ६० संध्याकाळी. आठवड्याला चार धरल्या तर १५ आठवडे. ऊसतोडीच्या हंगामात त्या आरामात बसतात. हे तास इथे, या ताडपत्रीवर, तळावरच्या मुलांना वाचायला शिकवण्यात खर्च व्हायला हवेत.

दृश्य : एक मुलगी आणि एक स्वयंसेविका, समोरासमोर. कागदावर फिरणारं बोट.

पहिल्या दोन संध्याकाळी शिकवायचं काहीच नाही. एकेका मुलाला बाजूला घेऊन वाचायला द्यायचं. क्रम 'असर' या शिक्षण सर्वेक्षणातल्या वाचनचाचणीचा. आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद. तो सलग वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळलं तर सुटे शब्द; पाचांतले चार आले की मूल शब्दांवर आहे. तेही जमत नसेल तर अक्षरं, तिथेही पाचांतली चार. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. शेजारी दुसरं मूल बसू द्यायचं नाही, कारण ते हळूच उत्तर पुरवतं.

मग गट पाडायचे ते पातळीवरून. वय आणि इयत्ता बघायची नाही. सहावीत नाव असलेला मुलगा अक्षरांच्या गटात येतो, आणि लाजून दुसऱ्या दिवशी तळामागच्या ओढ्याकडे पळतो. म्हणून गटांना 'पहिला', 'दुसरा' म्हणायचं नाही; साळुंकी, पारवा, बगळा अशी नावं द्यायची. त्या मोठ्या मुलाकडे खडूचा डबा आणि तक्ता टांगायचं काम सोपवायचं. तो येत राहतो.

दृश्य : वरून. मातीत चुन्याने आखलेली अक्षरं, त्यांवर उड्या मारणारी मुलं.

बाराखडीचा तक्ता रोज दहा मिनिटं. क, का, कि, की… सूर लागतो, सगळा गट डोलायला लागतो. आणि इथेच फसगत होते. सुरात म्हणणारं मूल वाचतंच असं नाही, पाठ झालेलं असतं. म्हणून प्रत्येक अक्षरावर बोट हवं. दोन ओळी झाल्या की मधलंच विचारायचं: 'नी' कुठेय? 'पु' दाखव. आपल्या नावातलं अक्षर शोध. भ आणि म, घ आणि ध, प आणि ष या जोड्या एका दिवशी शिकवायच्या नाहीत. एक पक्कं झाल्यावर चार दिवसांनी दुसरं.

मातीतल्या अक्षरांवर उडी मारायची ती शब्द जुळवत. 'फ'वरून 'ड'वर. फड.

दृश्य : पाट्या, जवळून. फड. ऊस. मोळी. पाचट. वाढं.

या तळावरचा पहिला शब्द 'कमळ' नाही. कमळ इथल्या कुणी पाहिलेलं नसतं. 'फड' दोन अक्षरी, काना-मात्रा काही नाही. 'पाचट' म्हणजे उसाचा वाळका पाला, त्यात एक काना. 'मोळी'त काना, मात्रा आणि वेलांटी, म्हणून ती तिसऱ्या आठवड्यात. मूल उसाच्या हिरव्या शेंड्याला 'वाढं' म्हणतं तर पाटीवर 'वाढं' लिहायचं, 'वाढे' करायला जायचं नाही. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी मुलंही असतात. त्यांना त्यांच्या घरचा शब्द विचारायचा आणि तोही लिहायचा. बोलण्याला हसलं की मूल गप्प होतं, आणि ते परत बोलतं करायला पुढचा महिना जातो.

गणितही इथलंच. दहा काड्यांची एक मोळी, दहा मोळ्यांचा शेकडा. पुढे गेलेल्या मुलांसाठी कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती. '२.७४०' म्हणजे दोन टन सातशे चाळीस किलो. आईबापांची मजुरी टनावर ठरते. पावती वाचणाऱ्या पोराभोवती बाप माणसंही येऊन उभी राहतात.

दृश्य : कडेवर धाकटा भाऊ घेतलेली मुलगी. एक स्वयंसेवक त्याला घेतो.

मोठ्या मुलीला शिकवायचं तर धाकट्याला कुणीतरी घ्यायला हवं. पाच स्वयंसेवकांत एक फक्त तान्ह्यांसाठी. चिंध्यांचा चेंडू, वाटी-चमचा, रिकामे डबे चालतात. चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्यांच्या हाती द्यायचे नाहीत, ते नाकातोंडात जातात. टँकर आला की मुली घागरी घेऊन उठतात. त्यांना अडवायचं नाही. टँकरची वेळ विचारून वर्गाची वेळ ठरवायची.

आणि खाऊ वाटायचा नाही. खाऊच्या दिवशी सगळा तळ जमतो, दुसऱ्या दिवशी निम्मा. गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला द्या.

दृश्य : अंधार पडतो. सौरकंदिलाचा उजेड, चेहरे.

कंदील सौरच. मेणबत्ती, चिमणी अजिबात नाही. खोप पाचटाची असते, ठिणगी पुरते. अंधारात पाचटात हात घालायचा नाही, विंचू असतो. स्वयंसेवक दोघा-दोघांनी येतात आणि जातात. कधी ताडपत्री अंथरता अंथरता गाडी भरायचा निरोप येतो, आईबाप परत फडात जातात. त्या दिवशी शिकवणं बाजूला. मुलांजवळ बसून गोष्ट वाचायची, आईबाप येईपर्यंत.

विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या की सगळे दादा-ताई एकदम गायब होतात. यावर उपाय एकच. पहिल्या, दुसऱ्या वर्षाचे आणि निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी घ्यायचे आणि वेळापत्रक भिंतीवर लावायचं. एका मुलाला दर वेळी नवा दादा मिळाला तर शिकवणं रोज 'फड'पासूनच सुरू होतं.

दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. मुख्याध्यापकांचं टेबल.

संध्याकाळचा वर्ग शाळेऐवजी नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड गावाकडून आणलेलं असेल तर ते सोबत न्यायचं. पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावं.

नियमित आलेली बहुतेक मुलं अक्षरांवरून शब्दांवर, शब्दांवरून परिच्छेदावर सरकतात.

दृश्य : मार्च. खोपी मोडताहेत. ट्रॅक्टरवर संसार चढतोय.

पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आधीच्या आठवड्यात तीच चाचणी पुन्हा. कागदावर मुलाचं नाव, गाव, सुरुवातीची पातळी, आजची पातळी आणि शेवटी वाचलेल्या पुस्तकाचं नाव. दोन प्रती. एक महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे. दुसरी गावच्या गुरुजींना द्यायला आईच्या हातात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

(ट्रॅक्टर वळणापर्यंत. निवेदन नाही.)