किड्याने काय खाल्ले होते?

श्रोतेहो, ‘बिअर्डेड ड्रॅगनच्या पिलासाठी सुरक्षित खाद्यकीटक कसे निवडावेत’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा सरडा आहे. त्यामुळे तो मूळचा मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला, दिवसा उन्हात बसणारा आणि लहानपणी मुख्यतः किड्यांवर वाढून मोठेपणी पाल्याकडे वळणारा प्राणी आहे, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. कोणता किडा चांगला आणि कोणता वाईट, याची यादी तुम्हाला हवी आहे आणि ती मी शेवटी देईन. परंतु त्याआधी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवणे मला अधिक निकडीचे वाटते. किडा कोणता हे विचारण्यापूर्वी त्या किड्याने काय खाल्ले होते, हे आपण का विचारत नाही?

हा प्रश्न कोल्हापूरकरांना अवघड जाऊ नये. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून घेणारे आणि ते धारोष्ण दूध तिथेच उभ्याने पिणारे आपण लोक आहोत. तालमीतल्या पैलवानाच्या खुराकाची चर्चा आपल्याकडे म्हशीच्या वैरणीपासून सुरू होते, कारण म्हशीच्या पोटात जे गेले तेच दुधातून पैलवानाच्या अंगाला लागणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. सरड्याचे पिलू रातकिडा गिळते तेव्हा किड्याच्या मांसाबरोबर त्याच्या आतड्यातले सगळे अन्नही गिळते. म्हशीला लावलेला हा न्याय किड्याला लावायला आपण का विसरतो, हे मला अजून उमगलेले नाही.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो आहे, त्यामागे एक घटना आहे. करवीर तालुक्यातला एक कॉलेजात शिकणारा मुलगा मोठ्या हौसेने अडीच महिन्यांचे पिलू घेऊन आला होता. ज्या दुकानातून त्याने ते घेतले, तिथे त्याला ‘कोणतेही मऊ किडे घाला, अळ्या तर फारच उत्तम’ एवढेच सांगण्यात आले. विकणाऱ्याने आणखी दोन मिनिटे दिली असती तर पुढचे काही घडले नसते, अशी माझी आजही तक्रार आहे. मुलाच्या घरी उसाची शेती. गणपतीच्या आधी उसात हुमणी लागली होती. हुमणीची अळी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे: पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, डोके तपकिरी. परदेशी व्हिडिओंमध्ये सरड्यांना ज्या मऊ अळ्या भरवताना दाखवतात, त्यांच्यासारखीच ती त्याला दिसली. मोठ्या अळ्यांचे जबडे मजबूत असतात, हे त्याच्या लक्षात आले होते, म्हणून त्याने उसाच्या बुडख्याशी उकरून मुद्दाम लहान लहान अळ्या वेचल्या, स्वच्छ पाण्याने धुतल्या आणि चिमट्याने एकेक करून पिलाला भरवल्या. त्याने काळजी घेतली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. पिलाने चार अळ्या खाल्ल्या.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. पिलाचे पाय थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि मान सरळ राहत नव्हती. मी पोहोचलो तेव्हा त्याचे वडीलही दारात उभे होते. शेतात काही मारले होते का, असे मी विचारताच ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सर, हुमणीसाठी आठवड्यापूर्वी आळवणी केली होती. ह्या वाचलेल्या अळ्या आहेत.” आळवणीत, म्हणजे मुळाशी ओतलेल्या औषधाच्या पाण्यात, घातले होते क्लोरपायरिफॉस, म्हणजे कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारे ऑर्गॅनोफॉस्फेट, आणि सरड्याची मज्जासंस्थाही त्याच रसायनाने कोलमडते. वाचलेली अळी म्हणजे निर्विष अळी नव्हे. तिच्या अंगावर आणि पोटात औषध असतेच, फक्त तिला मारण्याइतके नसते. तीस-पस्तीस ग्रॅमच्या पिलाला मात्र ते पुरे होते. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत ते गेले. तो मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या हातातला चिमटा मात्र बराच वेळ तसाच होता.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि प्रकाश सापळ्यात पडतात. ते पाहूनही काहींना मोह होतो, पण त्या सापळ्यातल्या पाण्यात बहुधा रॉकेल घातलेले असते. रस्त्याच्या दिव्याखालचे किडे, बांधावरचे नाकतोडे, मोरीतली झुरळे यांनाही हीच शंका लागू आहे, कारण त्यांनी कुठे काय खाल्ले हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरच्या किड्यांतून परजीवी येतात ते वेगळेच.

फवारणी नसलेल्या माळावरचा किडा तरी चालेल का, असे मला हमखास विचारले जाते. तिथेही प्रश्न तोच राहतो. रुईच्या झाडावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा बसलेला असतो. रुईच्या चिकातले हृदयावर परिणाम करणारे विष तो स्वतःच्या अंगात साठवतो आणि त्याचे भडक रंग हीच त्याची ताकीद असते. फुलांवरचे हिंगे, म्हणजे ब्लिस्टर बीटल हे भुंगे, स्वतःच्या अंगातच कॅन्थॅरिडिन नावाचे विष तयार करतात. ते आपल्या कातडीवर फोड आणते, मग सरड्याच्या आतड्याचे काय करील याची कल्पना करा.

राधानगरीच्या काजव्यांविषयीही बोलायलाच हवे, कारण मेअखेरीस ते पाहायला जाणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी बाटलीत दोन काजवे घेऊन परततो. अमेरिकेतल्या फोटायनस वंशाच्या काजव्यांनी बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी 1999 साली प्रसिद्ध झाल्या आहेत. एखादा काजवा गिळल्यानंतर थोड्याच वेळात प्राणी तोंड वासतो, मान झटकतो, त्याचे अंग काळे पडते आणि तो मरतो. त्या काजव्यांतले ल्युसिब्युफॅजिन हे भेकाच्या विषाशी नाते सांगणारे रसायन आहे. ज्या प्रदेशात असे काजवे आहेत तिथले सरडे त्यांना टाळायला शिकले, पण आपला हा ऑस्ट्रेलियन पाहुणा हलणारे सगळे खाण्याजोगे समजतो. आपले काजवे वेगळ्या वंशातले आहेत हे खरे, तरीही पिलाच्या जिवावर ती परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. काजवे राधानगरीतच राहू द्यावेत, त्यांच्यासाठीही तेच बरे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि यादी अजून राहिलीच आहे, तेव्हा आता घाईने सांगतो. किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रोजच्यासाठी पाळलेले लहान रातकिडे किंवा ड्युबिया झुरळांची पिले उत्तम. ड्युबियाला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, त्यामुळे घरात पसरण्याची धास्तीही कमी. रेशमाची अळी मऊ आणि चांगली, पण तुतीच्या पाल्यावर फवारणी झाली नसल्याची खात्री असेल तरच घ्यावी. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीत कॅल्शियम मुळातच भरपूर असते. मात्र कचरा जिरवण्याच्या प्रकल्पातली अळी आणू नये, कारण तिने काय खाल्ले हे विचारायचीही सोय नाही. मीलवर्म आणि सुपरवर्म या भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे कवच कठीण असते, ते आतड्यात अडकू शकते, म्हणून पिलाला देऊ नयेत. मेणकिड्याची अळी चरबीची, कधीमधीच.

आणलेल्या किड्यांना सरड्याला देण्यापूर्वी किमान एक दिवस आपल्या हाताने खुराक द्यावा: शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. पालक टाळावा, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो आणि पिलाला साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस असे उलटे प्रमाण लागते, म्हणून किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत, नाहीतर हाडे मऊ पडतात. ते कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा हवा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्यासाठी निरुपयोगी असते, आणि आषाढ-श्रावणात तर कोल्हापुरात तेही मिळत नाही. पचनासाठी बसण्याच्या दगडावर चाळीस अंशांच्या आसपास ऊब असावी.

पिलाला दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढावेत. दिवा मालवल्यावर भुकेला रातकिडा झोपलेल्या पिलाच्या पायांची बोटे आणि पापण्या कुरतडतो. त्या जखमा घेऊन आलेली दोन पिले मी याच पावसाळ्यात पाहिली आहेत.