जाहिरात चालली म्हणजे नेमकं काय झालं?

कोथरूडमधलं एका सोसायटीतलं स्वयंपाकघर, दिवाळी तोंडावर आलीये. कढईत भाजणीच्या चकल्या, ओट्यावर शंकरपाळ्यांची परात, आणि मिक्सरला टेकवून ठेवलेला मोबाईल. त्या मोबाईलवर जे पान उघडलंय ना, ते या घरातलं यंदाचं नवीन टेन्शन. रीच, इम्प्रेशन्स, लिंक क्लिक्स, कॉस्ट पर रिझल्ट. एजन्सीतला मुलगा स्पीकरवर आहे आणि तो खुशीत सांगतोय, काकू कॅम्पेन मस्त चाललंय, रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे झालेली विक्री, एक पॉइंट दोन आलाय. काकू झारा बाजूला ठेवतात आणि विचारतात, म्हणजे मला किती उरले रे?

तर हा हिशोब आपण आधी करूनच टाकू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत, पण प्रकार हाच असतो. जाहिरातीला ५,००० रुपये लावले, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५,९००, काकूंचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही त्यामुळे वरचे ९०० परत मिळत नाहीत, गेले ते गेले. एका क्लिकला १० रुपये धरले तर ५०० जणांनी क्लिक केलं. शंभरातल्या एकाने ऑर्डर दिली म्हणजे ५ ऑर्डरी, प्रत्येकी १,२०० च्या, झाले ६,०००. सहा हजार भागिले पाच हजार, आला तुमचा एक पॉइंट दोन. स्क्रीनवर एक रुपया टाकला की एक रुपया वीस पैसे परत आले असं दिसतं, छान वाटतं. पण भाजणी, तूप, तेल, गॅस, डबे, मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार हे सगळं वजा करून काकूंच्या हातात १,२०० मागे ३६० राहतात. पाच ऑर्डरींचे १,८००. खर्च ५,९००. म्हणजे ४,१०० चा खड्डा, आणि एजन्सीची फी अजून धरलेलीच नाही!

मग हे कॅम्पेन फेल का पास? थांबा, एवढ्यात ठरवू नका, कारण त्या पाचातली तीन घरं जर दर दिवाळीला परत आली तर पुढच्या चारेक दिवाळ्यांत तो खड्डा भरून निघतो आणि मग पुढचं सगळं कमाईचं. तेच कॅम्पेन, तेच पैसे, या नोव्हेंबरात बघितलं तर नापास आणि चार वर्षांनी बघितलं तर पास. त्यामुळे कोणी तुम्हाला आमचा सक्सेस रेट ९० टक्के आहे म्हणून सांगितलं, तर पहिले विचारायचं की सक्सेस कशाला धरताय आणि किती दिवसांनी मोजताय. डेक्कनपासून कोथरूडपर्यंत डिजिटल मार्केटिंगचे क्लास आणि एजन्स्या भरपूर आहेत, बहुतेकांच्या बोर्डावर टक्के असतात, पण ते टक्के कशाचे हे बोर्डावर कुठेच नसतं.

आता यातला नशिबाचा भाग बघू, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. समजा पुण्यातल्या १०० फराळवाल्यांनी अगदी एकसारखी जाहिरात चालवली, तोच फोटो, तोच भाव, प्रत्येकाला १०० क्लिक आणि घेणारा शंभरात एक. सगळ्यांना एकेक ऑर्डर येईल असं वाटतं ना? नाही येत. गणिताने साधारण ३७ जणांना एकही ऑर्डर येत नाही. शून्य. त्यांचं काहीही चुकलेलं नसतं तरी ते म्हणतात फेसबुकवर काही होत नाही, सगळं फ्रॉड आहे, आणि बंद करून मोकळे होतात. बरं, बजेट वाढवून प्रत्येकाला ५०० क्लिक दिले तरी सरासरी पाच ऑर्डरी असताना साधारण आठातल्या एकाला दोन किंवा त्याहून कमी मिळतात, आणि जवळपास तेवढ्याच लोकांना आठ किंवा जास्त. आणि मग कॅमेऱ्यासमोर बसवून टेस्टिमोनियल कोणाचं घेतात? त्या आठवाल्याचं. दोनवाल्याला कोण बोलावतंय. आठवाला पण मनापासून बोलतो, खोटं बोलत नाही तो, त्याला खरंच वाटतं की आपण फोटोत केळीचं पान ठेवलं म्हणून झालं.

कंपनीचं मशीन पण एवढ्याशा आकड्यांवर काही शिकू शकत नाही. फेसबुक चालवणाऱ्या मेटाच्या जाहिरातीत लर्निंग फेज म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे मशीन शिकत असतं तो काळ, त्यातून बाहेर पडायला एका ॲड सेटला (जाहिरातींच्या एका गटाला) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. आपल्याकडे महिन्यात पाच. त्यामुळे लर्निंग लिमिटेड, म्हणजे पुरेसं शिकता आलं नाही, असं लिहून येतं, आणि बरेच जण ते वाचतही नाहीत. मग सरळ बूस्ट पोस्टचं बटण दाबलं जातं, त्यावर लाईक भरपूर येतात, आत्या मावश्या सगळ्या हार्ट टाकतात, चकली कोणी घेत नाही.

जरा मागे जाऊ. २७ ऑक्टोबर १९९४, अमेरिकेत हॉटवायर्ड नावाच्या वेबसाईटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची एक पट्टी झळकली, वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी ती एक. ती बघणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात. चव्वेचाळीस! आज साध्या बॅनरला शंभरात एक क्लिक जरी मिळालं तरी एजन्सीवाले पेढे वाटतील. पण त्या पट्टीवर क्लिक करून लोक पोचत होते ते जगभरातल्या म्युझियमच्या पानांवर, तिथे काही विकायला ठेवलेलंच नव्हतं. लोकांनी क्लिक केलं कारण तोपर्यंत असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. नवलाई संपली आणि आकडा कोसळला, तो अजून वर आलेला नाही.

मोजमापाचं बोलायचं तर मोजणाराच जाहिरात विकणारा आहे हे विसरून चालत नाही. २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ बघतात तो आकडा ते दोन वर्षं फुगवून दाखवत होते. कसा फुगला, तर तीन सेकंदांच्या आत जे पुढे सरकले त्यांना भागाकारात धरलंच नव्हतं. वर्गातली नापास मुलं पटावरून काढली की निकाल चांगलाच लागणार.

परत काकूंच्या वहीकडे येऊ. वही म्हणजे खरी वही, लाल कापडी बांधणीची, त्यात नाव, सोसायटी, काय किती किलो आणि ॲडव्हान्स. समजा वहीत ४० ऑर्डरी आहेत. फेसबुकचं पान म्हणतं यातल्या २२ आमच्यामुळे. गुगलचं पान म्हणतं १९ आमच्यामुळे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या वहिनी म्हणतात निदान १५ तरी माझ्यामुळे. बेरीज ५६. वहीत ४०. कोणीच तसं खोटं बोलत नाहीये, फक्त तीच गिऱ्हाईकं सगळे आपापल्या खात्यात टाकतायत. मेटाचा नेहमीचा नियम असा की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा क्लिक न करता नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली तर श्रेय आमचं. गुगल क्लिकनंतर साधारण ३० दिवसांपर्यंत हक्क सांगतं. आणि उरलेलं पब्लिक जाहिरात बघून सरळ फोन करतं, चकलीत ओवा घालता का, पामतेल तर नाही ना वापरत, अशी उलटतपासणी घेऊन मग अर्धा किलो सांगतं. त्यांची नोंद कुठल्याच डॅशबोर्डवर नाही.

शिवाय दिवाळी! दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत पुण्यात फराळ विकला जातोच, जाहिरात असो नसो. परदेशातल्या मुलांना पाठवायचे डबे कुरियरला आधीच निघतात, ऑफिसला जाणाऱ्या घरांत घरी करायला वेळ नसतो. त्याच दिवसांत जाहिरात लावली आणि विक्री वाढली, तर वाढवली कोणी? जाहिरातीने का पंचांगाने?

या प्रश्नाचं उत्तर एका मोठ्या कंपनीने पैसे मोजून शोधलं. ईबे, अमेरिकेतली ऑनलाईन बाजार चालवणारी कंपनी. २०१२ च्या सुमारास त्यांच्या अर्थशास्त्रज्ञांनी धाडस करून याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवरच्या स्वतःच्या नावाच्या जाहिराती काही काळ बंदच केल्या. म्हणजे कोणी तिथे ईबे असं टाईप केलं की वर जी पैसे भरलेली लिंक यायची, ती काढली. काय झालं? गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून ईबेवर आलेच. ते येणारच होते. मधल्या मधे सर्च कंपन्यांना पैसे जात होते. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या तिघांनी हे सगळं मांडलं आणि २०१५ मध्ये ते इकॉनोमेट्रिका या जर्नलमध्ये छापून आलं.

आपल्या पेठांमध्ये जी दुकानं आमची कुठेही शाखा नाही असा बोर्ड लावून बसलीयेत आणि तरी ज्यांच्यासमोर रांग असते, त्यांनी गुगलवर स्वतःच्याच नावाची जाहिरात घेणं हा असलाच प्रकार. फक्त कोणी शेजारचा त्यांच्या नावावर बोली लावत असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याच अभ्यासातला दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात. ईबेवर नवीन असलेल्या, क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम झाला होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर झाला नाही, आणि बहुतेक पैसे त्यांच्यावरच चालले होते. माझं मत विचाराल तर छोट्यांसाठी ही बातमी चांगली आहे, कारण काकूंना कोथरूडच्या बाहेर फारसं कोणी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या जाहिरातीला निदान काम करायला जागा तरी आहे.

नंतर २०१७ मध्ये साबण-डायपरवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत १० कोटी डॉलरपेक्षा जास्त डिजिटल खर्च कापला आणि विक्रीवर काही जाणवलं नाही असं त्यांनीच सांगितलं. जास्त बोलत नाही त्यावर.

बरं, मोठ्या कंपन्यांना तरी आधी कळतं का काय चालेल ते? नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं ऑनलाईन प्रयोग चालवलेल्या रॉन कोहावी यांनी लिहून ठेवलंय की तिथे तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश फायद्याच्या निघाल्या, एक तृतीयांशाने काहीच फरक पडला नाही आणि एक तृतीयांशाने नुकसान केलं. मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग आणि गुगलसारख्या ठिकाणी, जिथे आधीच बरंच घासूनपुसून झालंय, तिथे तर फक्त १० ते २० टक्के पास. आणि उलटी गंमत पण आहे, २०१२ मध्ये बिंगच्या एका माणसाने जाहिरातीचा मथळा दाखवायची पद्धत थोडीशी बदलून बघू असं सुचवलेलं, कोणाला ते महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून सहाएक महिने पडून राहिलं, आणि शेवटी करून बघितलं तर उत्पन्न १२ टक्क्यांनी वर. एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त. एवढी पगारदार हुशार माणसं बसवून जर दहात आठ कल्पना पडत असतील, तर आपली पहिलीच जाहिरात पडली म्हणून रडायचं काय कारण!

आता पुण्यातला सगळ्यात जास्त पैसा ज्या कॅम्पेनवर जाताना दिसतो तिकडे बघा, फ्लॅट. हिंजवडी, वाकड, बाणेर, टू बीएचके, क्लब हाऊस, खाली महारेराचा नंबर आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा. तिथे यश मोजतात लीडमध्ये, म्हणजे किती जणांनी नाव-नंबर दिले त्यात. पण मेटाचा लीड फॉर्म नाव आणि नंबर आधीच भरून देतो, अंगठा दोनदा लागला की झाली लीड. टेलिकॉलर फोन करते, समोरून उत्तर येतं, मी कुठे काय भरलंय? मार्केटिंगवाला म्हणतो लीड स्वस्त आणल्या, सेल्सवाला म्हणतो कचरा आणला, आणि दर सोमवारी मीटिंगमध्ये दोघांची जुंपते. खरं तर दोघांचेही आकडे बरोबर असतात. लीड स्वस्त करायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे फॉर्म आणखी सोपा करणं, आणि मग साईट व्हिजिटला कोणी येत नाही. बजेट विचारणारा एक जास्तीचा प्रश्न टाकला की लीड महागते, पण येणारा माणूस निदान फोनवर ओळख तरी देतो.

तर काकूंनी काय करावं? उपाय ईबेचाच, छोटा करून. नकाशावर पिन टाकून जाहिरात फक्त कोथरूड आणि बाणेर भागात चालू ठेवायची, औंध आणि हडपसरला बंद. वहीत एक जास्तीचा रकाना, कुठून कळलं, आणि तो फोनवर विचारूनच भरायचा. मागच्या वर्षी या चारही भागांतून किती ऑर्डरी होत्या ते जुन्या वहीत आहेच. चालू भागात वाढ बंद भागापेक्षा ठळक जास्त दिसली तर जाहिरातीने काहीतरी केलं, दोन्हीकडे सारखीच वाढली तर ती दिवाळी होती. मात्र पाच ऑर्डरींचा फरक बघून नाचायचं नाही, तेवढा फरक नुसत्या नशिबाने पण पडतो, निदान दोन सीझन बघावे लागतील.

एजन्सीतल्या मुलाला हे फारसं आवडलेलं नाही. तो म्हणतो काकू, मधेच बंद केलं तर लर्निंग परत पहिल्यापासून सुरू होतं, आणि त्याचं म्हणणं चूक नाही, सात दिवस किंवा जास्त थांबवलं की होतं तसं. पण भाग सुरुवातीलाच ठरवून घेतले आणि सीझनभर हात लावला नाही तर ती अडचण येत नाही. तो पुढे असंही म्हणाला की हडपसरच्या ऑर्डरी मग जातील त्याचं काय. त्यावर काकूंनी वही उघडून दाखवली, मागच्या वर्षी हडपसरहून तीन ऑर्डरी होत्या, तिन्ही त्यांच्या नणंदेच्या बिल्डिंगमधल्या.