तुझा आवाज ऐकूच आला नाही

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण. बोलताना फुटलेले काही फाटे छाटले आहेत, काही छाटवेनात म्हणून राहू दिले आहेत.)

मंडळी, तिळगूळ घ्या. गोड बोलण्याचं मात्र आज माझ्याच्याने कितपत जमेल, सांगता येत नाही.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पुण्याचा, त्यामुळे वेळ पाळली तरी माझ्या सोयीने पाळीन.

डिसेंबरात लेकीच्या शाळेचा कार्यक्रम होता. ती सातवीत आहे, मिडल स्कूलच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गाते. (कॉयर हा शब्द फोनवर पहिल्यांदा सांगितला तेव्हा माझी आई म्हणाली, "कॉयर? म्हणजे काथ्याची गादी?") साठेक मुलं, सगळी काळ्या कपड्यांत, पायऱ्यांवर उभी. आमची तिसऱ्या पायरीवर, डावीकडून चौथी. मी हात लांब करून चाळीस मिनिटं फोन धरून बसलो होतो. खांदा अजून दुखतोय. परत येताना गाडीत मी म्हणालो, "छान झालं गं. पण तुझा आवाज काही ऐकूच आला नाही."

ती म्हणाली, "थँक्यू, बाबा."

मला वाटलं टोमणा. सदाशिव पेठेचं रक्त आहे, शंका येणारच. म्हणून थोडा वेळ थांबून जपून विचारलं. तर टोमणा नव्हता हो. ती खरोखरच खूश होती. "माझा वेगळा ऐकू आला असता तर चूक झाली असती ना. बाई सांगतात, शेजारचीचा आवाज तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने गाताय."

त्या दिवसापासून ते 'थँक्यू' माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण तिच्याच वयाचा असताना मीही अशाच एका रांगेत उभा होतो.

शाळांची समूहगीत स्पर्धा होती, टिळक स्मारक मंदिरात. पांढरा शर्ट, खाकी चड्डी, डोक्याला तेल. दोन दिवस आधी आमचे गाण्याचे सर रांगेपुढून चालत एकेकाच्या तोंडाशी कान नेत होते. माझ्यापाशी आले, थबकले, पुन्हा कान लावला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू नुसते ओठ हलव." मी हलवले. अगदी मनापासून, भुवयांसकट हलवले. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "सगळ्यांत तुझाच आवाज स्वच्छ ऐकू येत होता."

मी तिला आजवर काही बोललो नाही. आता हे भाषण मंडळाच्या संकेतस्थळावर येणार आणि आई ते वाचणार, तेव्हा आई, माफ कर.

सरांचंही फार चुकलं असं म्हणत नाही. माझा आवाज तेव्हा फुटत होता. वयात येताना मुलांचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मधले काही महिने तो कधी दरवाज्याच्या बिजागरीसारखा, कधी रिक्षाच्या हॉर्नसारखा लागतो. आपल्याकडे त्यावर उपाय एकच होता, गप्प बसणं. गाणं बंद झालं ते अनेकांचं पुन्हा सुरूच झालं नाही. माझी गांधर्वच्या संगीत परीक्षांची गाडीही प्रवेशिका प्रथमला थांबली ती तिथेच आहे. लेकीच्या कॉयरमध्येही असे पाचसात मुलगे आहेत. बाई त्यांच्यासाठी पाचसहा स्वरांचीच वेगळी ओळ काढतात, दर दोनतीन महिन्यांनी प्रत्येकाचा आवाज ऐकतात आणि तो उतरला असेल तर ओळही खाली आणतात. नुसते ओठ हलव असं कुणालाच सांगत नाहीत. हे कळलं त्या रात्री मी जरा जास्तच वेळ भांडी घासत उभा होतो.

ती कॉयरमध्ये गेली कशी, तेही सांगतो, त्यात माझं काही श्रेय नाही. सहावीत जाताना शाळेचा फॉर्म आला. बँड, ऑर्केस्ट्रा, कॉयर, यातलं एक निवडा. व्हायोलिन घेतलं तर दरमहा भाडं, ट्रम्पेटला भाडं आणि वर शेजाऱ्यांच्या तक्रारी. गळा घरचाच. एकूण हिशेबात कॉयर मला फार आवडलं. प्रवेशाला परीक्षाही नव्हती. पहिल्या आठवड्यात बाईंनी एकेकाला पियानोपाशी बोलावून वर-खाली गायला लावलं आणि हिला आल्टोत उभं केलं.

आल्टो म्हणजे काय ते मी इंटरनेटवर वाचलं आणि वाचून घाबरलो. चाल उंच आवाजाच्या सोप्रानोंकडे आणि आल्टो त्यांच्या खालून गाणार! म्हणजे माझ्या मुलीला 'ब' तुकडीत टाकलं! मंडळी, हसू नका, तुमच्यापैकी निदान चौघांनी असा ईमेल लिहिलेला आहे आणि ते चौघे कोण ते मला माहीत आहे. मी लिहिला. बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. कान चांगला आहे म्हणून तिला तिथे ठेवलंय. शेजारी चाल गाजत असताना आपली ओळ न सोडणं हे आल्टोचं काम, आणि ते सगळ्यांना जमत नाही.

घरी सराव सुरू झाला, तोही आम्हाला काही गाणं वाटेना. भाजी चिरताना, दात घासताना त्याच तीन सुरांवर घुटमळणं. बायको म्हणाली, "रेकॉर्ड अडकलीये का हिची?" पण मग आम्हाला हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. त्यांच्याकडे हातांच्या खुणा असतात, 'डो'ला मूठ, 'सो'ला आडवा पंजा. आणि त्यांचा 'डो' कुठल्याही पट्टीवर धरता येतो, आपल्या सासारखा. व्हिडिओ कॉलवर तिने हे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना दाखवलं. नाना म्हणाले, "म्हणजे आपलंच आहे हे." सगळं आपलंच असतं, विमानं धरून.

पण नाना गाण्यातले आहेत हं. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला चटई घेऊन जाणाऱ्या पिढीतले. उत्सव सुरू झाला १९५३ मध्ये, तेव्हा ते शाळेत होते. आता तो मुकुंदनगरला होतो, तरी नाना अजून 'रमणबागेत जाऊन येतो' असंच म्हणतात.

तर, गेल्या महिन्यात नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणून आम्ही पुण्याला गेलो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण. दोन खोल्यांत चाळीस माणसं. आरती सुरू झाली. आपली आरती तुम्हाला माहीतच आहे, चाळीस माणसं आणि चाळीस पट्ट्या. कुणी पांढरी चार, कुणी काळी एक, एका मावशींची पट्टी तर पेटीवर नाहीच. टाळ्या एका लयीत, घंटा दुसऱ्या. मग विठ्ठलाच्या आरतीतला तो 'ये'. तो किती लांबवायचा यावर आमच्या घरात दोन गट आहेत आणि दोन्ही गटांत दमेकरी आहेत. लेक आदल्या रात्रीच म्हणाली होती, "बाबा, सगळे एकदम श्वास घेतात म्हणून तो तुटतो. कॉयरमध्ये आम्ही ठरवून वेगवेगळ्या वेळी घेतो. शेजारचीने घेतला की मी नाही घ्यायचा. मग सूर कितीही वेळ चालतो, कुणाचाच दम जात नाही." आमच्या घराण्याच्या दीडशे वर्षांच्या भांडणावर उपाय होता हा, पण सातवीतल्या मुलीचं ऐकतो कोण.

देवीच्या आरतीला तिने खालची ओळ धरली. कुणी सांगितलं नव्हतं. चाल चालली होती, त्याच्याखाली हळूच तिची एक वेगळी ओळ. मला गाण्यातलं कळत नाही, पण ते मला ऐकू आलं. छताची उंची वाढल्यासारखं वाटलं. चारसहा ओळी झाल्या असतील. काकांनी घंटा थांबवली नाही, नुसती मान वळवून म्हणाले, "बाळ, पट्टी सोडू नकोस. बेसूर होतंय."

ती थांबली. आरती पुढे गेली. मी तिच्या शेजारी उभा होतो, काही बोललो नाही.

मग पंगतीत बोललो. मसालेभात वाढता वाढता काकांना म्हणालो, ते बेसूर नव्हतं. काका म्हणाले, "आपल्याकडे असं गात नाहीत." मी म्हणालो, आपल्याकडे एकत्र गात नाहीत का? पालखीत टाळकरी गात नाहीत? ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका एका आवाजात अथर्वशीर्ष म्हणतात, आई स्वतः जाते. "तेच सांगतोय," काका म्हणाले, "एका आवाजात." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मी आवाज चढवला. जिलबी गार झाली. नाना शांतपणे ताक पीत होते. रात्री बायको म्हणाली, "पंगतीत भांडलास, पण तिच्यासमोर तेव्हा का नाही बोललास?" यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली. कितीतरी वर्षांनी. तासभर जुळवत बसले, जवारीला दोरा लावत, काढत. मग लेकीला जवळ बसवून म्हणाले, "नुसतं ऐक. खर्जाच्या तारेत काय काय ऐकू येतं?" ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने सा म्हणाली. पंचम म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि एकदम, "आजोबा, ग! वरून ग येतोय!" नाना म्हणाले, "तो कुणी छेडत नाही. तंबोरा नीट लागला की आपोआप बोलतो." तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, सा, ग, प. ही तर एकत्र गायच्या सुरांची कॉर्ड आहे. आम्ही रोज गातो ती."

काका चहाला आले होते. ऐकून म्हणाले, "तंबोरा वेगळा, आरती वेगळी." अजूनही त्यांचं म्हणणं तेच आहे. आणि खरं सांगू का, काका पूर्ण चूक आहेत असंही मला वाटत नाही. एका स्वराभोवती जन्म काढायचा, हीसुद्धा एक तयारी आहे.

आता आपल्याकडे येतो, गोड मानून घ्या. आपल्या गेल्या गणेशोत्सवात मुलांचे एकोणतीस कार्यक्रम झाले. त्यातले सव्वीस एकेकट्या मुलाचे. आपलं मूल गातं तोवर आपण फोन वर धरतो, ते उतरलं की फोन खाली आणि आपण वड्यांच्या रांगेत. विसावं मूल गात होतं तेव्हा समोर त्याचे आईवडील आणि ध्वनिव्यवस्थेवाला एवढेच होते. राहिलेल्या तीन समूहगीतांत पहिल्या ओळीत कोण यावरून जे झालं, ते मी इथे काढत नाही, कार्यकारिणीचे निम्मे सभासद तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि ऑक्टोबरातला तो संदेश आठवतोय? लेकीच्या बाईंनी तिला विचारलं होतं, तुमच्याकडचं एखादं गाणं आण, वसंतातल्या कार्यक्रमात बसवू. कॉयर लॅटिन गातं, स्पॅनिश गातं, हिब्रू गातं. आई फोनवर सारखी विचारायची, "आपलं काहीच नाही का रे?" आता बाई स्वतः मागत होत्या. मी मंडळाच्या गटावर टाकलं. मंडळी, त्र्याऐंशी उत्तरं आली. अभंग की भावगीत, कोळीगीत म्हणजे आपली खरी ओळख का, विदर्भावर नेहमीप्रमाणे अन्याय, मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाईंना हवी होती दोन-तीन आवाजांत लिहिलेली स्वरलिपी, मुलांच्या हातात देता येईल अशी. ती एकाकडेही नव्हती. माझ्याकडेही नव्हती आणि ती करून घेण्यासाठी मी कुणाला फोनही केला नाही. महिनाभराने बाईंनी दुसरं काहीतरी घेतलं. लेकीने मला ते जाता जाता सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. एकच सांगतो आणि उतरतो.

आज सुरुवातीला आपण सगळ्यांनी उभं राहून आरती म्हटली. पुण्याहून आल्यानंतरची लेकीची ही पहिलीच आरती. मी इथून तिच्याकडे बघत होतो, तिसऱ्या रांगेत, तिच्या आईच्या शेजारी. ओठ हलत होते. गळा हलत होता की नाही, ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. ओठांच्या बाबतीत मी जाणकार आहे, तुम्हाला सांगितलंच. तरी नाही ओळखता आलं. कदाचित ती खालची ओळ इतकी हळू गात असेल की नीट मिसळून गेली असेल. मग 'तुझा आवाज ऐकूच आला नाही' म्हटलं की ती पुन्हा 'थँक्यू' म्हणेल.

घरी जाताना गाडीत विचारायचं ठरवलंय. आज सकाळपासून ठरवलंय.